सिनेमा संपल्यावर पहिली दहा मिनिटं गप्प बसा

पडद्यावर नावं सरकू लागली की शेजारून प्रश्न येतोच, "कसा वाटला?" उत्तर एका शब्दाचं असतं. भारी, ठीक, रटाळ. हा शब्द एकदा तोंडातून गेला की पुढचा अर्धा तास माणूस त्याची वकिली करत बसतो. 'रटाळ' म्हणून मोकळा झालेल्याला कुणी एखादं अप्रतिम दृश्य आठवून दिलं तरी तो मान हलवत नाही. आता प्रश्न दृश्याचा उरलेला नसतो, त्याच्या शब्दाचा झालेला असतो.

त्यापेक्षा पहिली दहा मिनिटं कुणीच बोलू नये. प्रत्येकाच्या हातात कागद आणि पेन द्यावं. फोन नको. फोनवर टिपण काढायला घेतलं की बोट आपसूक सर्चकडे वळतं आणि लोकांनी किती तारे दिलेत हे एकदा दिसलं की संपलंच. कागदाच्या मधोमध उभी रेघ मारायची. डावीकडे फक्त पाहिलेलं आणि ऐकलेलं, उजवीकडे वाटलेलं. 'जिना उतरताना तिने चपला हातात घेतल्या' हे डावीकडे. 'इथे पोटात कालवलं' हे उजवीकडे. डावीकडे निदान आठ नोंदी हव्यात, उजवीकडे तीन पुरतात.

डावी बाजू सुरुवातीला भरता भरत नाही. तीन-चार ओळींनंतर हात थांबतो आणि आपण आत्ताच दोन तास काय पाहत होतो असा प्रश्न पडतो. अशा वेळी कथेच्या क्रमाने आठवायचा हट्ट सोडा आणि जागा आठवा. कोणती खोली होती, दार कुठल्या बाजूला होतं, उजेड कुठून येत होता, खिडकीबाहेर काही दिसत होतं का. जागेच्या मागोमाग माणसं येतात आणि माणसांमागून त्यांचं बोलणं.

या मौनाचा शिस्तीशी संबंध नाही. आठवण फार चटकन बाटते, म्हणून ते हवं. 2003 मध्ये फियोना गॅबर्ट, अमीना मेमन आणि केव्हिन ॲलन या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. जोडीतल्या दोघांना एकाच घटनेचे व्हिडिओ दाखवले, पण वेगवेगळ्या कोनांतून घेतलेले. आपण दोघांनी एकच व्हिडिओ पाहिला, असा त्यांचा समज होता. काही गोष्टी फक्त एकाला दिसत होत्या, काही फक्त दुसऱ्याला. ज्या जोड्यांना नंतर आपसात बोलू दिलं, त्यांतल्या 71 टक्के लोकांनी पुढे एकेकट्याने आठवून सांगताना अशी निदान एक गोष्ट सांगितली, जी त्यांच्या व्हिडिओत नव्हतीच. ती जोडीदाराच्या तोंडून ऐकलेली होती. प्रयोग साक्षीदारांच्या जबान्यांसाठी केलेला होता, पण सिनेमाहून परतताना गाडीत जे होतं ते हेच. तुम्ही पाहिलेला सिनेमा आणि जोरात बोलणाऱ्या मित्राने पाहिलेला सिनेमा यांची सरमिसळ होते आणि कोणता तुकडा कुणाचा हे नंतर ओळखता येत नाही. कागदावर आधी उतरलेलं असलं की निदान पुरावा शिल्लक राहतो.

दुसरा घोळ शेवटाचा. 1993 मध्ये बार्बरा फ्रेड्रिक्सन आणि डॅनियल काहनेमन यांनी लोकांना फिल्मचे छोटे तुकडे दाखवून पाहिलं. तुकडा किती लांब होता याचा नंतरच्या मतावर फारसा परिणाम होत नाही, सगळ्यात तीव्र क्षण आणि शेवटचा क्षण यांवरच मत बेततं, असं त्यात दिसलं. म्हणजे शेवट फसला की आधीचे शंभर मिनिटं उगाच बदनाम होतात आणि शेवटी डोळ्यांत पाणी आलं की मधला सगळा कच्चा माल माफ होतो. यावर साधा उपाय आहे. चर्चा शेवटापासून सुरू करायची नाही. पहिल्या पाच मिनिटांपासून सुरू करायची. पडद्यावर सगळ्यात आधी काय दिसलं? चित्राआधी आवाज आला का? मुख्य पात्र पहिल्यांदा दिसलं तेव्हा ते काय करत होतं, चेहरा दिसला की पाठ? सात जणांत दोघांना तरी सुरुवात अजिबात आठवत नाही असं आढळेल. दिग्दर्शक आणि संकलक (एडिटर) ज्या भागावर बरंच डोकं खर्च करतात तो हाच.

आता बोलायचं कसं. प्रत्येकाने डाव्या बाजूची एक नोंद वाचायची आणि ती वाचताना त्यात मत मिसळू द्यायचं नाही. इथेच घोडं पेंड खातं. 'आई खचलेली होती' हे वर्णन नाही, निकाल आहे. वर्णन असं असतं: 'ती पाठमोरी उभी होती, नळ चालू होता, भांडं भरून वाहत होतं आणि तिने नळ बंद केला नाही.' पहिलं वाक्य ऐकून बाकीचे फार तर हो किंवा नाही म्हणतील. दुसरं ऐकून कुणीतरी म्हणेल, नळाचा आवाज पुढच्या दृश्यातही ऐकू येत होता की. कुणी म्हणेल, कॅमेरा दाराबाहेर होता, आत गेलाच नाही. चर्चा चालते ती अशी, एकाच्या नोंदीला दुसऱ्याची नोंद जोडून. 'खचलेली' हा शब्द शेवटी येईलच, पण तोवर तो कमावलेला असेल.

वर्णन आणि निकाल यांत एवढा फरक का करायचा, याचं उत्तर सिनेमाच्या घडणीतच आहे. लेव्ह कुलेशोव्ह या रशियन दिग्दर्शकाचा शंभर वर्षांपूर्वीचा प्रयोग बहुतेकांना ऐकून माहीत असतो. इव्हान मोझुखिन या नटाचा निर्विकार चेहरा घेतला आणि त्याला वेगवेगळ्या शॉट्सना, म्हणजे सलग टिपलेल्या तुकड्यांना, जोडलं. सूपच्या बशीनंतर तोच चेहरा भुकेला वाटला, शवपेटीनंतर दुःखी वाटला. चेहऱ्यात काही बदललेलं नव्हतं, भाव प्रेक्षकाने भरला. यातली गंमत पुढे आहे. मूळ फिल्म आज उपलब्ध नाही आणि तिसरा शॉट कशाचा होता यावर एकवाक्यता नाही. रशियन दिग्दर्शक पुदोव्हकिनच्या सांगण्यात खेळणाऱ्या लहान मुलीचा होता, इतर अनेकांच्या सांगण्यात कोचावर पहुडलेल्या बाईचा. प्रेक्षक पडद्यावर नसलेलं पाहतो हे सिद्ध करणाऱ्या प्रयोगाचीच ही गत. त्यामुळे 'त्या नटाने काय डोळ्यांनी अभिनय केलाय' असं म्हणण्याआधी त्याच्या डोळ्यांच्या आधी आणि नंतर काय दाखवलं होतं ते एकदा पाहून यावं. अर्धं श्रेय बऱ्याचदा संकलकाचं निघतं.

पाहून यावं म्हणजे खरोखर पुन्हा पाहावं. नुसत्या आठवणीवर चाललेल्या चर्चेचं वीस मिनिटांत गुऱ्हाळ होतं. घरी पाहत असाल तर एक दृश्य निवडा, दोन ते चार मिनिटांचं, त्याहून मोठं नको. निवडताना लोक हमखास कळसाचं दृश्य घेतात. ते टाळा. तिथे संगीत, अभिनय, कथा सगळंच एकदम कानीकपाळी ओरडत असतं, त्यामुळे वेगळं काही दिसत नाही. दोन कागदांवर एकाच दृश्याबद्दल परस्परविरोधी नोंदी असतील तर ते दृश्य घ्या. तसं नसेल तर जिथे 'काहीच घडत नाही' असं वाटलं ते घ्या. कुणी जेवतंय, कुणी वाट पाहतंय, कुणी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातंय. अशा दृश्यांत दिग्दर्शकाचा हात उघडा पडतो, कारण तिथे कथेच्या आड लपायला जागा नसते.

हे दृश्य तीनदा चालवा. एकदा आवाज पूर्ण बंद करून, एकदा पडद्याकडे पाठ करून नुसतं ऐकत आणि शेवटी दोन्ही एकत्र. फ्रेंच अभ्यासक मिशेल शियों यांनी सिनेमातला ध्वनी शिकवण्यासाठी ही झाकून पाहण्याची पद्धत मांडली आणि तिच्याइतकं स्वस्त आणि कामाचं दुसरं साधन मला माहीत नाही. आवाज बंद केला की कट, म्हणजे एक शॉट संपून दुसरा सुरू होण्याच्या जागा, दिसू लागतात. पात्रं किती वेळ एकमेकांकडे पाहतच नाहीत तेही दिसतं. नुसतं ऐकताना कळतं की ज्याला आपण शांतता समजलो तिथे पंख्याची घरघर होती, लांबून गाडी गेली होती, आणि संगीत आपल्याला वाटलं त्याच्या बरंच आधी सुरू झालं होतं. प्रत्येक आवाजाला एकच प्रश्न विचारायचा: हा पात्राला ऐकू येतोय की फक्त आपल्याला? रेडिओवरचं गाणं पात्र ऐकतं, पार्श्वसंगीत ऐकत नाही. एकातून दुसऱ्यात कधी सरकलं, म्हणजे रेडिओवरचं गाणं रस्त्यावरच्या दृश्यातही कधी वाजू लागलं, ती जागा पकडा. तिथे सांगण्यासारखं काहीतरी असतंच.

कट मोजणं कंटाळवाणं वाटेल, पण एकदा करून पाहा. एकाने टेबलावर टिचकी मारायची, दुसऱ्याने कागदावर रेघा ओढायच्या. तीन मिनिटांच्या दृश्यात तीस शॉट निघाले तर एकेक शॉट सरासरी सहा सेकंदांचा. नऊच निघाले तर वीस सेकंदांचा. आकड्याला एकट्याला अर्थ नाही. त्याच सिनेमातलं दुसरं दृश्य मोजून शेजारी ठेवलं की अर्थ येतो. घरातली दृश्यं वीस सेकंदांची आणि कचेरीतली चार सेकंदांची असतील तर 'घरात वेळ थांबल्यासारखा वाटला' या उजव्या बाजूच्या नोंदीचं कारण हातात आलं. आणि मग कट इथेच का, हा प्रश्न. संकलक वॉल्टर मर्च यांनी चांगला कट ओळखायच्या सहा कसोट्या दिल्या आहेत आणि त्यांना वजनही दिलंय: भावना 51 टक्के, कथा 23, लय 10, प्रेक्षकाची नजर कुठून कुठे जाते याला 7, सपाट पडद्यावरच्या चित्राच्या मांडणीला 5 आणि खोलीतल्या प्रत्यक्ष जागेच्या सलगतेला 4. आकडे मोजमापातून आलेले नाहीत, अग्रक्रम ठसवण्यासाठी आहेत. पण 'मागच्या शॉटमध्ये पेला डाव्या हातात होता' अशी चूक पकडून हर्षभरित होणाऱ्यांना ते शेवटचे 4 टक्के जरूर दाखवावेत.

शॉट थांबवून पाहायचा तर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये 'ई' ही कळ दाबत गेलं की चित्र एकेका चौकटीने (फ्रेमने) पुढे सरकतं. यूट्यूबवर व्हिडिओ थांबवून पूर्णविरामाची कळ पुढे नेते, स्वल्पविरामाची मागे. सेकंदाला 24 चौकटी धरल्या तर दोन तासांच्या सिनेमात 1,72,800 चौकटी होतात, त्यामुळे सगळा सिनेमा असा पाहायच्या फंदात पडू नका. अमेरिकी समीक्षक रॉजर ईबर्ट मात्र जवळपास तेच करत. सभागृहात एकच सिनेमा लागोपाठ काही दिवस चालवायचा आणि प्रेक्षकांतल्या कुणीही 'थांबा' म्हटलं की थांबवून त्या चौकटीवर बोलायचं. 'थांबा' म्हणायचा हक्क सगळ्यांना होता, ही त्यातली खरी युक्ती. रिमोट एकाच्याच हातात राहिला की चर्चाही त्याच्याच हातात राहते.

पाहण्याच्या साधनातही खोटी साक्ष देणाऱ्या गोष्टी असतात. टीव्हीवर हालचाल गुळगुळीत करणारी सोय चालू असेल तर टीव्ही मधल्या चौकटी स्वतःच बनवून घालतो आणि कसदार छायाचित्रणही मालिकेसारखं दिसू लागतं. ती बंद करा. वरखालच्या काळ्या पट्ट्या घालवायला चित्र झूम केलं तर दोन्ही कडा कापल्या जातात आणि चौकटीच्या टोकाला उभं केलेलं पात्र गायब होतं. मग 'ती एकटीच होती' अशी नोंद होते, जी चुकीची असते. ओटीटीवर श्रेयनामावली सुरू झाली की ती कोपऱ्यात ढकलून पुढचं काहीतरी लावायची घाई असते, म्हणून ऑटोप्ले आधीच बंद ठेवा. परभाषेतला सिनेमा असेल तर उपशीर्षकांतलं वाक्य हे पात्राचं वाक्य नव्हे हे लक्षात असू द्या. दोन ओळींत बसवण्यासाठी ते छाटलेलं असतं. 'इथे त्याने हाच शब्द का वापरला' यावर वाद घालणं तिथे व्यर्थ. शिवाय उपशीर्षकं वाचणाऱ्याची नजर पडद्याच्या तळाशी अडकते, म्हणून वर सांगितलेलं आवाज बंद करून पाहणं अशा सिनेमाला दुप्पट लागू. तेव्हा उपशीर्षकंही बंद करा.

माणसं किती असावीत? पाच ते आठ. चारांत दोघे गप्प बसले की मुलाखत होते. दहाच्या वर गेलं की कोपऱ्यात दुसरी चर्चा सुरू होते आणि बहुधा तीच जास्त चांगली असते. वेळ पाऊण तास, फार तर तास. पहिली फेरी गोल फिरवायची, एकाने एकच नोंद वाचायची, त्यावर प्रतिक्रिया नाही. सगळ्यात जास्त सिनेमे पाहिलेल्या माणसाला शेवटी बसवा. तो आधी बोलला की बाकीचे त्याची री ओढतात, आणि ज्याला खरंच काही वेगळं दिसलं होतं तो 'मला तेवढं कळत नाही' म्हणून गिळून टाकतो. पडद्यामागचे किस्से सांगणाऱ्यालाही तीच जागा. नटाने वजन किती घटवलं, शूटिंग कुठे झालं, कोण कुणाशी भांडलं, हे सगळं रंजक असतं आणि पडद्यावरच्या एकाही चौकटीचं कारण त्यातून क्वचितच कळतं.

गाडी हमखास रुळावरून घसरते ती कथा सांगण्यात. कुणीतरी 'म्हणजे बघ, आधी तो तिला भेटतो, मग' असं सुरू करतो आणि सगळ्यांनी आत्ताच पाहिलेली गोष्ट सगळ्यांना पुन्हा ऐकावी लागते. त्याला अडवायचं तर 'हे तुला कुठल्या दृश्यातून कळलं?' एवढंच विचारा. कथा थांबते आणि दृश्य सुरू होतं. 'असं कुठे असतं का!' हा दुसरा खड्डा. वास्तवात असं असतं का यापेक्षा या सिनेमाने स्वतःसाठी जे नियम घातले ते पाळले का, हे पाहणं कामाचं. उडणारा माणूस चालतो. पहिल्या तासात उडता न येणारा माणूस शेवटी अडचण झाली म्हणून उडाला तर मात्र बोट ठेवायला जागा आहे.

अर्थाकडे वळायचं ते यानंतर. इथे सुतावरून स्वर्ग गाठणाऱ्यांची कमी नसते. भिंत निळी होती, निळा म्हणजे एकाकीपणा, म्हणजे हा सिनेमा शहरी माणसाच्या तुटलेपणावर आहे! भिंत नुसती निळी असू शकते, घरमालकाला तोच रंग मिळाला असेल. असा दावा आला की त्याला तीन ठिकाणं मागा. तो रंग आणखी कुठे आला? तो जिथे आला तिथे दर वेळी काय घडत होतं? आणि तो यायला हवा होता पण आला नाही अशी जागा कोणती? तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड आणि सगळ्यात उपयोगी. तीन ठिकाणं मिळाली तर दावा टिकतो, मग दिग्दर्शकाच्या मनात तो होता की नव्हता याने फार फरक पडत नाही. एकच मिळालं तर ती उजव्या बाजूची नोंद, तिचाही मान आहे, पण ती सगळ्यांवर लादायची नाही. दिग्दर्शकाची मुलाखत शेवटी वाचा, आणि वाचलीत तरी ती त्याचं मत म्हणून वाचा. सिनेमा करताना त्याला काय करायचं होतं ते तो सांगतो. पडद्यावर काय झालं ते पाहणाऱ्याने सांगायचं.

'संदेश काय?' हा प्रश्न मी यात धरलेलाच नाही. एका वाक्यात सांगता येत असतं तर दोन तासांचा खटाटोप कुणी केला असता.

एकट्याने सिनेमा पाहणाऱ्यालाही हे सगळं लागू होतं, फक्त वाद घालायला समोर कुणी नसतं. ती उणीव दुसऱ्या दिवशी आपण स्वतःच भरून काढतो. रात्री दहा मिनिटं टिपण, आणि दुसऱ्या दिवशी ते न उघडता पुन्हा पाच ओळी. झोपेनंतर जे उरतं आणि जे गळतं त्यांची तुलना बोलकी असते. संवाद गळतात, एखाद्या हाताची हालचाल उरते. समीक्षा वाचायची ती या दुसऱ्या टिपणानंतर.

चर्चेच्या शेवटी ज्यावर एकमत झालं नाही त्या मुद्द्यांची यादी करा आणि ती कागदाच्या मागे लिहून ठेवा. दार आधी उघडं होतं की तिने उघडलं, पत्र त्याने वाचलं का, शेवटच्या शॉटमध्ये मूल होतं की नव्हतं. काही आठवड्यांनी तोच सिनेमा पुन्हा पाहायला बसाल तेव्हा जुना कागद घडी घालून ठेवा आणि नव्याने टिपणं काढा. मग दोन्ही शेजारी ठेवून जुन्या कागदावरच्या चुकीच्या नोंदींवर खूण करा. तुम्हाला पक्कं आठवणारं एखादं वाक्य कुणी बोललेलंच नसेल, दिसलेला अश्रू पडद्यावर नसेल. या चुका खोडू नका. तिथे थांबा, चौकट मागे न्या आणि त्या चेहऱ्याच्या आधी कोणता शॉट होता ते पाहा.